छातीतली गाठ दुखत नाही, म्हणूनच ती दाखवायची



बारडोली-सुरत भागातल्या आपल्या बाया घर सांभाळतात, मासळी विकतात आणि स्वतःचं दुखणं मागे ठेवतात. स्तनाचा कॅन्सर इथेच फसवतो. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणता म्हणता सहा महिने जातात आणि रोग काखेपर्यंत पोहोचतो.

लवकर कळलं तर खरंच फरक पडतो का? पडतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. मोठं मशीन नाही, फक्त हात. २०२१ साली निकाल आला: तपासणी झालेल्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

हे दिसलं तर लगेच दाखवा:
• छातीत किंवा काखेत नवी गाठ
• कातडी ओढली जाणं, खळगा पडणं, संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
• बोंडी आत जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं
• एका बाजूचा आकार अचानक बदलणं

घाबरू नका, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते डॉक्टरने ठरवायचं, शेजारणीने नाही.

काय करायचं?
• तिशीनंतर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणी करून घ्या. ती मोफत आहे. आशाताईंना विचारा.
• गाठ असेल तर पुढच्या तपासासाठी सुरत सिव्हिलची चिठ्ठी मागा.
• आयुष्मान कार्ड जवळ ठेवा. योजनेतल्या हॉस्पिटलात ऑपरेशन, केमोचा खर्च त्यात बसतो. माहितीसाठी फोन १४५५५.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो" ही भीती खोटी आहे. सुईने तुकडा काढल्याशिवाय रोग नक्की कळत नाही. लवकर सापडला तर बऱ्याचदा पूर्ण स्तन काढावाही लागत नाही.

बोटमालकांनो, होडीच्या फळीला बारीक चीर दिसली तर पाणी भरेपर्यंत आपण थांबत नाही. घरातली बाई लाजेने बोलणार नाही, म्हणून तुम्हीच विचारा. एक दिवस धंदा बुडाला तरी चालेल, पण तिला घेऊन जा.