सरकता वृषण : भीती नको, विसरही नको

तान्हेपणी ज्या मुलाचे दोन्ही वृषण जागेवर होते, तोच मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला, की कधी कधी वृषणकोशाची एक बाजू रिकामी दिसते. घरची माणसे घाबरतात. मात्र ऊन पाण्याने स्नान झाले किंवा मूल गाढ झोपले, की वृषण पुन्हा आपल्या जागी आलेला असतो. हा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो; परंतु तो नेहमीच निरुपद्रवी राहील, असे गृहीत धरता येत नाही.

गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ, तयार होतात. जन्मापूर्वीच्या अखेरच्या महिन्यांत ते जांघेतील मार्गाने उतरून वृषणकोशात येतात. या प्रवासाला सबळ कारण आहे. शुक्रजंतू नीट तयार होण्यास शरीरातील उष्णतेपेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी उष्णता लागते, आणि शरीराबाहेरील वृषणकोशात ती लाभते.

वृषणाला वर खेचणारा एक स्नायू असतो. त्याला ‘क्रेमॅस्टर’ म्हणतात. थंडी, भय किंवा मांडीला झालेला स्पर्श यांमुळे तो आकुंचन पावतो. तान्हेपणी तो मंद असतो, बालपणी फार चपळ होतो आणि मूल वयात येऊ लागले, की त्याची ओढ पुन्हा कमी होते. म्हणूनच बहुतेक मुलांचे सरकते वृषण वयात येताना खाली स्थिर होतात. त्यांना औषध वा शस्त्रक्रिया लागत नाही.

न उतरलेला वृषण मात्र निराळा. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांत तो जन्मतः आढळतो. पुष्कळांत तो पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतो. सहा महिन्यांनंतर तशी आशा फारशी उरत नाही. तो वरच राहिला, तर अधिक उष्णतेने त्यातील बीजपेशी क्षीण होतात. दोन्ही बाजूंस तसे झाल्यास पुढे अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते, आणि कर्करोगाचा संभवही वाढतो. यासाठी ६ ते १८ महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करून तो खाली बसवितात.

दोहोंतील भेद ओळखावयाचा कसा? डॉक्टर उबदार खोलीत, हात ऊन करून, मुलाला मांडी घालून बसवितात व वृषण हलकेच खाली आणतात. ओढ न पडता तो खाली आला आणि हात काढल्यावरही काही वेळ तेथेच राहिला, तर तो सरकता. हात काढताच वर गेला, तर तो न उतरलेला समजावा. घरी मात्र कोणी ओढाताण किंवा मालीश करू नये.

एकदा निदान झाले म्हणजे काम संपले, असे नाही. काही मुलांचे सरकते वृषण वाढत्या वयात वरच अडकून राहतात आणि मग त्यांनाही शस्त्रक्रिया लागते. म्हणून वयात येईपर्यंत दरवर्षी एकदा तपासणी व्हावी आणि तिची नोंद राहावी.

नोंदीचे हे महत्त्व तंजावरच्या मराठी राजांना ठाऊक होते. सरफोजी राजे (दुसरे) यांनी ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. तंजावरच्या छत्रांत वाटसरूंना अन्नाबरोबर वैद्यांचे साहाय्यही मिळत असे. याच राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे आणि उपचारांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. रुग्ण आज कसा आहे हे पाहावे, लिहावे आणि पुढील खेपेस ताडून पाहावे, हीच ती रीत. सरकत्या वृषणाच्या बाबतीतही तीच उपयोगी पडते.

एक सूचना मुलांसाठी. वृषणात एकाएकी तीव्र वेदना उठली, तर लाजेने गप्प बसू नये. वृषणाला पीळ पडला असल्यास काही तासांतच तो निकामी होऊ शकतो. अशा वेळी घरच्यांना तत्काळ सांगावे आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. शरीराच्या या भागाविषयी बोलणे असभ्य नाही. न बोलल्यानेच हानी होते.