चावी देणाऱ्याचा गुन्हा

संध्याकाळी क्लास सुटताना बाहेर पाहा. नववी-दहावीतली मुलं आईच्या स्कूटरवर तिघंतिघं बसून निघतात, हेल्मेट डिकीत. क्लास लांब, बस वेळेवर नाही, रिक्षा रोज परवडत नाही, असं पालक सांगतात. अडचण खरी आहे. पण पोलिसांनी धरलंच तर पावती फाडून सुटू, हा समज आता साफ चुकीचा आहे.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही, कच्चंसुद्धा नाही. मला यातली ही शेवटची शिक्षा सर्वांत जड वाटते, कारण शिक्षण संपवून पोरगं नोकरीला लागतं त्याच वर्षांत ती भोगावी लागते.

मुलाने गाडी पालकांच्या संमतीनेच नेली, असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकांनी सिद्ध करायचं. चावी दारामागच्या खिळ्याला लटकत असेल तर ते कसं सिद्ध करणार? स्कूटर आईच्या नावावर असेल, तर मालक म्हणून नाव तिचंच लागतं. जागच्या जागी तडजोड शुल्क भरून मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत हे कलम नाही. प्रकरण न्यायालयात जातं.

‘सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं की!’ असं हमखास ऐकू येतं. मिळतं, पण 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचं. घरोघरच्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात, त्यांना ते चालत नाही. ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या, 250 वॉटपेक्षा कमी ताकदीच्या इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही. मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, गाडीची कागदपत्रं स्वतः तपासा.

चौकातला कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, चालवणाऱ्याचं वय त्याला कळत नाही. म्हणून महिनोन्‌महिने काही होत नाही आणि घरच्यांची भीड चेपते. मग एखाद्या दिवशी कुणी पादचारी गाडीखाली येतो. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा मोटार चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. चालकाकडे लायसन्स नसेल, तर विमा कंपनीला जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई आधी द्यायला लावून ती गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण देऊ शकतं. ही रक्कम लाखांत जाते, आणि ती भरताना लोकांना राहतं घरही विकावं लागतं.