घरबसल्या पदवी – ९ : परीक्षा मात्र केंद्रावर

गेल्या आठवड्यात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांचा विषय निघाला आणि त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न होता : नियम काहीही म्हणोत, मुलाखत घेणारा माणूस ही ऑनलाइन पदवी खरी मानेल का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही. म्हणून आज घ्यायचा ठरलेला प्रयोगशाळांचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आणि हा सगळा लेख परीक्षेला देतो. कायद्याची बाजू लवकर आटोपते. सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या विनियमांनुसार, आयोगाने परवानगी दिलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले. सरकारी अर्जापुरते एवढे पुरते. मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस मात्र राजपत्र वाचून मत बनवत नाही. त्याने आजवर पाहिलेल्या पदवीधरांवरून आणि त्यांची परीक्षा कशी झाली याबद्दल जे कानावर आले त्यावरून त्याचे मत बनते. माझ्या मते पदवीवरचा विश्वास विद्यार्थी कुठे बसून शिकला यावर फारसा ठरत नाही. त्याची परीक्षा कोणी, कुठे आणि किती कडक घेतली, यावर तो ठरतो. ऑनलाइन पदव्यांपैकी कोणत्या लोकांच्या पचनी पडतील आणि कोणत्या पडणार नाहीत, हेही याच कसोटीवर सांगता येते.

ही कसोटी आजची नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ च्या सनदेनुसार आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या. वैद्यकासारखा अपवाद सोडला तर कोणत्या महाविद्यालयात शिकलात, शिकलात की नाही, हे विचारणे बंद झाले. परीक्षा द्या, उत्तीर्ण व्हा, पदवी घ्या. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लोक घरच्या घरी अभ्यास करून त्या परीक्षांना बसले आणि त्या पदवीला कोणी हलके लेखले नाही, कारण प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच होती आणि ती सोपी नव्हती. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते याच लंडनच्या नमुन्यावर. शिकवायची महाविद्यालये, आणि विद्यापीठाचे काम परीक्षा घेऊन पदवी देण्याचे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ज्या पहिल्या तुकडीत १८६२ मध्ये पदवीधर झाले, तिला शिकवले एल्फिन्स्टन महाविद्यालयाने, पण पदवी दिली विद्यापीठाने. स्वतःचे अध्यापन विभाग विद्यापीठाने सुरू केले ते १९१९ च्या सुमारास, पॅट्रिक गेडिस यांच्या समाजशास्त्र विभागापासून. म्हणजे पहिली साठएक वर्षे शिकवणारा एक आणि पदवी देणारा दुसरा, हीच आपल्याकडची प्रतिष्ठित उच्च शिक्षणाची व्यवस्था होती. पुढे बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी.ए., एम.ए. झालेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि कचेरीतले कारकून महाराष्ट्रात गावोगाव होते. नियमित विद्यार्थ्यांचीच प्रश्नपत्रिका ते सोडवत, आणि पगारवाढीच्या वेळी त्यांना कोणी वेगळ्या रांगेत उभे केले नाही. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९७१ मध्ये आले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. घरी शिकून पदवी घेणे ही महाराष्ट्राला इंटरनेटने शिकवलेली गोष्ट नाही.

मग आजचा संशय आला कुठून? तो अगदीच निराधार नाही, आणि ऑनलाइन शिक्षणाची बाजू मांडणाऱ्यांनी तो पूर्वग्रह म्हणून झटकून टाकू नये. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांबद्दल निकाल दिला. आवश्यक परवानग्या न घेता, गल्लीबोळांतल्या केंद्रांमार्फत या पदव्या वाटल्या गेल्या होत्या. न्यायालयाने २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरवल्या. २००१ ते २००५ मधल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र एक वाट ठेवली : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने घेतलेली परीक्षा द्या, उत्तीर्ण झालात तर पदवी राहील. या निकालातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. शिक्षण कसे झाले याची खात्री उरली नव्हती, तेव्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही भरवशाची वाटली ती तटस्थ संस्थेने घेतलेली परीक्षाच. त्यानंतर आले २०२०. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असे ऑगस्टच्या अखेरीस न्यायालयाने सांगितल्यावर राज्यातल्या विद्यापीठांनी ऑक्टोबरच्या सुमारास त्या बहुतांशी घरून, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात उरकल्या. दुसरा इलाज नव्हता, त्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ‘ऑनलाइन’ म्हटले की हजारो पालकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तोच मोबाइल आणि तेच चार पर्याय येतात. महामारीतली ती सोय आणि विचारपूर्वक उभारलेला ऑनलाइन अभ्यासक्रम यांत काय फरक आहे, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेच नाही.

तो फरक पाहायचा तर एनपीटेलची रचना पाहावी. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. व्याख्याने कोणालाही फुकट पाहता येतात. दर आठवड्याला गृहपाठ असतो आणि त्याची अंतिम तारीख चुकवता येत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर साधारण हजार रुपये भरून परीक्षेला नाव नोंदवायचे, आणि ही परीक्षा शहरातल्या केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर द्यायची. गुणांची विभागणी गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ अशी, आणि दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. गृहपाठ कोणाकडून तरी करून घेणाऱ्याला ७५ गुणांच्या पेपरात मदत करायला कोणी नसते. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम् या केंद्रीय व्यासपीठावरच्या अशा अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा महाविद्यालयांना दिली, ती याच रचनेच्या जोरावर. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी त्याच वाटेने आणखी पुढे गेली. जेईईची अट काढून टाकली. त्याऐवजी चार आठवडे प्रत्यक्ष अभ्यासक्रम शिकायचा, गृहपाठ करायचे, आणि मग केंद्रावर पात्रता परीक्षा द्यायची. झेपले तर आत. आत गेल्यावरही गृहपाठांत किमान गुण नसतील तर सत्राच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षा केंद्रावरच होते. वाटेत अडचण आली तर पदविकेवर थांबण्याची सोय आहे, उत्पन्नानुसार शुल्कात सवलत आहे. दार सताड उघडे ठेवायचे आणि बाहेर पडतानाची चाळणी बारीक ठेवायची, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या प्रतिष्ठित संस्थांचा खाक्या नेमका उलटा आहे : प्रवेशाला रक्त आटवायचे आणि एकदा आत गेले की निभावून न्यायचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गळतीचा. एमआयटीने २०१२ च्या वसंतात इलेक्ट्रॉनिक सर्किटचा अभ्यासक्रम जगाला खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नाव नोंदवले आणि उत्तीर्ण झाले ७,१५७. हा आकडा गेली अनेक वर्षे ऑनलाइन शिक्षणाच्या तोंडावर फेकला जातो. फुकट नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला विद्यार्थी धरले तर तो नामुष्कीचाच आहे. पण पुस्तक चाळून खाली ठेवणाऱ्याला आपण नापास म्हणत नाही. शिवाय एकाच सत्रात, एका प्राध्यापकाच्या चमूकडून, सर्किटसारख्या अवघड विषयात सात हजार जण उत्तीर्ण होणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. एका महाविद्यालयाला तेवढे विद्यार्थी घडवायला अनेक वर्षे लागतील. त्याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे : हे सगळे परीक्षेभोवती फिरते, आणि परीक्षाकेंद्री शिक्षण हाच तर आपला जुना रोग. गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, घोकंपट्टी यांनी आपल्या विद्यापीठांचे केलेले नुकसान उघड आहे, ते मी नाकारत नाही. पण तो दोष वर्षातून एकदा येणाऱ्या, ठरावीक साच्याच्या पेपराचा आहे. दर आठवड्याचा गृहपाठ, सत्रात दोन-तीनदा येणारी छोटी परीक्षा, प्रकल्प आणि त्यावरची तोंडी परीक्षा अशी साखळी असेल तर घोकून भागत नाही. उलट नेहमीच्या महाविद्यालयात वर्षभर वर्गाकडे न फिरकता शेवटच्या महिन्यात गाइड वाचून उत्तीर्ण होणे शक्य असते, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, आणि त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या अभ्यासांत पुन:पुन्हा असे दिसले आहे की अभ्यासात आधीच कच्चे असलेले विद्यार्थी ऑनलाइन वर्गात जास्तच मागे पडतात. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटी या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीबरोबर सुरुवातीचे गणित ऑनलाइन शिकवून पाहिले, आणि उत्तीर्णांचे प्रमाण इतके कमी आले की प्रयोग थांबवावा लागला. बारावीला जेमतेम उत्तीर्ण झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती नुसता लॅपटॉप देऊन ‘शीक’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला वर्ग हवा, सोबत हवी, नाव घेऊन विचारणारा शिक्षक हवा. पण ऑनलाइन पदवीकडे वळणारे सगळे असे नसतात. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन आणली, सात हजार डॉलरांच्या आत, वर्गातल्या पदवीच्या खर्चाच्या साधारण सहाव्या हिश्शात. गुडमन, मेल्कर्स आणि पॅले या संशोधकांनी तिचे अर्जदार तपासले. वर्गातल्या अभ्यासक्रमाचा सर्वसाधारण अर्जदार नुकताच पदवीधर झालेला, चोविशीतला, अमेरिकेबाहेरचा होता; ऑनलाइनचा चौतिशीतला, नोकरी करणारा, अमेरिकी. आणि ज्यांना थोडक्यात प्रवेश नाकारला गेला त्यांच्यापैकी फारच थोडे दुसऱ्या कोणत्या संस्थेत गेले. म्हणजे या पदवीने दुसऱ्यांचे विद्यार्थी पळवले नाहीत. एरवी शिकलेच नसते, अशा लोकांना तिने शिकवले. आपल्याकडची तशी माणसे डोळ्यांसमोर आणावीत : संसारात पदवी अर्धवट राहिलेली बाई, पाळीत काम करणारा तंत्रज्ञ, बढतीसाठी पदवी अडलेला कर्मचारी. महाविद्यालयाच्या आवारातले जीवन, वादसभा, मैत्री हे सगळे मोलाचे आहेच, पण ते या माणसांच्या वाट्याला तसेही येणार नव्हते. त्यांच्यासाठी तुलना वर्ग आणि पडदा यांच्यात होत नाही. पडदा आणि काहीच नाही, यांच्यात होते.

जॉर्जिया टेकचे उदाहरण माझ्या मुद्द्याला एका बाजूने छेदते, तेही सांगायला हवे. तिथल्या परीक्षा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरून देता येतात आणि तरीही ती पदवी उद्योगांनी स्वीकारली. याचे कारण असे की तिथे गुणांचा मोठा वाटा आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या प्रोग्रामिंगच्या प्रकल्पांना असतो, आणि तो कोड विद्यार्थ्यानेच लिहिला असणार, असे गृहीत धरता येत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि हे गृहीतक डळमळले. घरी लिहिलेला निबंध, घरी सोडवलेले गणित, घरी लिहिलेला कोड यांपैकी कशावरूनही आता विद्यार्थ्याची कुवत खात्रीने सांगता येत नाही, आणि ही अडचण नियमित महाविद्यालयांच्या गृहपाठालाही तितकीच लागू आहे. घरातल्या कॅमेऱ्याला टेबलाखालचा दुसरा फोन दिसत नाही; उलट नेट तुटले म्हणून प्रामाणिक मुलाचाच पेपर अर्धवट राहतो. म्हणून शिकणे कितीही घरी होवो, मोजमाप पर्यवेक्षकासमोर व्हावे, हा आग्रह पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज जास्त गरजेचा झाला आहे.

यात खरी गोम खर्चाची आणि अंतराची आहे. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे परीक्षा केंद्र मिळणे कठीण नाही. भामरागड किंवा अक्कलकुव्याच्या विद्यार्थिनीला मात्र केंद्रासाठी एक मुक्काम आणि सोबतीला घरातले कोणी तरी लागते, आणि तेवढ्यावरच घरबसल्या पदवीचे स्वप्न मोडू शकते. याला उपाय आहे आणि तो नवा नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने गावोगावच्या महाविद्यालयांच्या इमारती वापरून अभ्यासकेंद्रांचे जाळे फार पूर्वीच उभे केले. त्याच इमारतींत आज संगणक कक्ष आहेत आणि रविवारी ते कुलूपबंद असतात. ऑनलाइन पदवी देणाऱ्या सगळ्या संस्थांनी मिळून हे कक्ष भाड्याने घ्यावेत, पर्यवेक्षक त्या महाविद्यालयाबाहेरचे नेमावेत, आणि आयोगाने ऑनलाइन अभ्यासक्रमाला परवानगी देताना तालुक्यांतली केंद्रे किती, हे जाहिरातीत छापण्याची अट घालावी. तोवर विद्यार्थ्याने शुल्क भरण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर संस्थेचे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव पाहावे, आणि प्रवेशासाठी फोन करणाऱ्याला थेट विचारावे : अंतिम परीक्षा कुठे होते, ती घेते कोण, आणि गेल्या सत्रात किती जण नापास झाले?