मॅन इन द व्हाइट सूट, द

ब्रिटिश विज्ञानकल्पित विनोदी चित्रपट (१९५१). कृष्णधवल; अवधी सु. ८५ मिनिटे. लंडनच्या ईलिंग स्टुडिओची ही निर्मिती असून दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक (१९१२–९३) हे होत. रॉजर मॅक्डूगल यांच्या नाटकावरून स्वतः मॅक्डूगल, जॉन डाइटन व मॅकेंड्रिक यांनी पटकथा लिहिली. निर्माते मायकेल बॅल्कन, तर छायालेखक डग्लस स्लोकंब होते.

१९३८ मध्ये जाहीर झालेले नायलॉन व १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधले गेलेले टेरिलीन या कृत्रिम तंतूंमुळे वस्त्रोद्योगात मोठे स्थित्यंतर घडू लागले होते. हीच कथानकाची पार्श्वभूमी होय. सिडनी स्ट्रॅटन (ॲलेक गिनेस) हा तरुण रसायनज्ञ उत्तर इंग्लंडमधील कापडगिरण्यांत हलकीसलकी कामे करीत गुप्तपणे प्रयोग करतो. दीर्घ रेणूंच्या साखळ्यांपासून तो कधीही न झिजणारा व न मळणारा धागा तयार करतो. या धाग्यावर रंग चढत नाही. म्हणून त्यापासून शिवलेला सूट शुभ्र व चकाकणारा असतो. त्याचे कापड कापण्यासाठी धातू कापण्याची ज्योत वापरावी लागते.

कापड फाटणारच नसेल, तर नव्याला मागणी राहणार नाही, हे गिरणीमालक प्रथम ओळखतात. आपला रोजगार जाईल, हे कामगारांनाही उमगते. एरव्ही परस्परविरोधी असलेले हे दोन्ही पक्ष शोध दडपण्यासाठी एकत्र येतात. कपडे धुऊन चार पैसे मिळविणारी स्ट्रॅटनची वृद्ध घरमालकीणही, धुणेच उरले नाही तर आपले काय होणार, असा त्याला सवाल करते. चित्रपटातील खरा पेच येथे व्यक्त होतो. अखेरीस जमावाच्या वेढ्यात सापडलेल्या स्ट्रॅटनचे कापड अस्थिर रेणुरचनेमुळे आपोआप विरते व सर्वजण सुटकेच्या भावनेने हसतात. स्ट्रॅटन मात्र नव्या कल्पनेच्या चाहुलीने पुढे चालू लागतो.

मॅकेंड्रिक यांनी कोणत्याही पक्षाला खलनायक ठरविलेले नाही. मालकांचा स्वार्थ व कामगारांची भीती यांइतकीच परिणामांविषयी बेफिकीर असलेली संशोधकाची एकाग्रताही येथे उपहासाचा विषय होते. प्रयोगशाळेतील उपकरणांच्या बुडबुड्यांचा लयबद्ध ध्वनी त्या एकाग्रतेचे विनोदी प्रतीक म्हणून वारंवार ऐकू येतो. जोन ग्रीनवुड, सेसिल पार्कर व अर्नेस्ट थेसिजर यांच्याही भूमिका उल्लेखनीय आहेत. पटकथेस ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन लाभले होते. तंत्रविद्येची प्रगती व उपजीविकेची सुरक्षितता यांतील संघर्ष हलक्याफुलक्या रीतीने, पण सोपे उत्तर न देता मांडल्यामुळे हा चित्रपट ईलिंग विनोदपटांच्या परंपरेत महत्त्वाचा मानला जातो.