त्रेसष्टावे सूत्र

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली माउलींची पालखी दुसऱ्या दिवशी दिघी ओलांडून विश्रांतवाडीत येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला पहाटेपासून तिष्ठत असलेल्या आम्हा रहिवाशांची नजर पालखीच्याही आधी त्या दोन अश्वांना शोधू लागते, जे बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून इतकी मजल पायी करून आलेले असतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते, कारण तिच्यावर प्रत्यक्ष माउली आरूढ आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. एके वर्षी, विटांचे ओझे उतरवून सोडून दिलेली दोन गाढवे तेथेच भिंतीच्या आडोशाला उभी होती. शेजारच्या एका मुलाने एकदा अश्वाकडे आणि एकदा गाढवांकडे पाहून विचारले, “काका, हे एकमेकांचे नातलग का हो?”

नातलग तर खरेच, आणि इतके जवळचे, की गाढव बाप आणि घोडी आई यांच्यापासून खेचर जन्मास येते. डोंगरी मुलखात लष्कराची रसद वाहणारे हे जनावर काटकपणात घोड्याहून आणि शक्तीत गाढवाहून सरस ठरते. पण त्याचा वंश बहुधा त्याच्यापाशीच संपतो.

याचे कारण पेशींच्या अंतरंगात आहे. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२. घोडीकडून ३२ आणि गाढवाकडून ३१ मिळून खेचराच्या वाट्याला ६३ येतात. शरीर वाढत असताना प्रत्येक सूत्राची नक्कल होऊन एकेक प्रत दोन्ही नव्या पेशींना पोहोचते; या कारभारात कोणत्याही सूत्राला जोडीदाराची गरज पडत नाही, म्हणूनच खेचराचे शिंगरू धडधाकट वाढते. अडचण उद्भवते ती बीजपेशी घडविताना. तेथे सूत्रांची संख्या निम्मी करावयाची असते, आणि ती निम्मी होण्यापूर्वी आईकडून आलेले प्रत्येक सूत्र बापाकडून आलेल्या आपल्या जोडीदारास टोकापासून टोकापर्यंत बिलगते. जणू दोन कारकुनांनी समोरासमोर बसून एकाच फर्दीच्या दोन प्रतींचा, ओळीमागून ओळ वाचत, मुकाबला करावा. खेचराच्या दप्तरात एक फर्द तर उघडच एकाकी आहे. पण उरलेल्यांतही घोड्याकडे जो मजकूर एका सूत्रावर सलग, तो गाढवाकडे कोठे दोन सूत्रांवर विभागलेला, तर कोठे उलट्या क्रमाने मांडलेला आढळतो. मुकाबला जुळत नाही, आणि अशा बीजपेशी बहुतेक पक्व होण्यापूर्वीच नाश पावतात.

सारा दोष केवळ संख्येच्या विषमतेवर ढकलणे मात्र मला पटत नाही. मंगोलियातील प्रझेवाल्स्कीच्या रानघोड्याची सूत्रे ६६ आहेत. पाळीव घोड्याशी संकर झाल्यास संततीत ६५ येतात, आणि तरीही ती संतती प्रजननक्षम असते, कारण पाळीव घोड्याच्या एका लांब सूत्राचा मजकूर रानघोड्याच्या दोन सूत्रांवर, पण त्याच क्रमाने, लिहिलेला असतो. याउलट आपल्या धनगरांच्या कळपात मेंढ्या आणि शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चरतात. मेंढीची सूत्रे ५४, शेळीची ६०, आणि त्यांचा संबंध आला तरी गर्भ बहुधा उदरातच जिरतो. तेथे बीजपेशींपर्यंत प्रकरण पोहोचतच नाही. आपापल्या घरी निर्वेधपणे चालणारे दोन जातींचे जनुकीय हुकूम एकाच पेशीत एकत्र आले, की परस्परांस छेद देतात. संकरात ज्या लिंगाची लिंगसूत्रे भिन्न असतात, तेच लिंग बहुधा वंध्य किंवा दुर्मीळ ठरते, हा नियम जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ साली मांडला. खेचरांतही नर सदैव वंध्य असतो. मादीला पिल्लू झाल्याचे दाखले अत्यल्प, पण आहेत.

वनस्पतींनी मात्र या बंदोबस्तातून विलक्षण वाट काढली आहे. आपल्या खपली गव्हाची गुणसूत्रे २८. त्याच्या कुळातील एका प्राचीन गव्हाचा, १४ सूत्रांच्या एका रानगवताशी हजारो वर्षांपूर्वी संकर झाला. संततीची २१ सूत्रे जोडीदाराविना राहावयाची, परंतु त्यांची एकाएकी दुप्पट होऊन ४२ झाली, प्रत्येकास आपलीच प्रतिकृती जोडीदार म्हणून लाभली, आणि वांझ व्हावयाचे ते रोप फळले. आज आपल्या ताटात येणारी पोळी त्या गव्हाची आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत खपली, बन्सी आणि हा पोळीचा गहू, तिन्हींवर संशोधन चालते.

खपली आणि पोळीचा गहू यांचा संकर केला, तर ३५ सूत्रे येतात: १४ जोड्या जुळतात आणि सात सूत्रे निराधार राहतात. ओंबीत पुष्कळसे दाणे पोचट निघतात. परंतु काही भरतात. सिडनीचे संशोधक वॉटरहाउस यांनी आपल्याकडची ही खपली घेऊन स्टाइनवेडेल नावाच्या पोळीच्या गव्हाशी तिचा संकर केला, तेव्हा या थोड्या भरल्या दाण्यांतूनच, पुढील पिढ्यांची निवड करीत, तांबेऱ्यास दाद न देणारा खपस्टाइन गहू हाती आला. त्याच्या नावाच्या पहिल्या अर्ध्यात आपली खपली अद्याप आहे.