समेटाच्या पलीकडचा सल्ला

झाशीत नवराबायकोच्या नात्यात बाहेरच्या माणसाची मदत मिळतच नाही, असं नाही. पण बहुतेकांना ती मिळते भांडण ठाण्यात किंवा कोर्टात पोचल्यावर. उत्तर प्रदेशात पोलिसांची परिवार परामर्श केंद्रं आहेत. तक्रार घेऊन आलेल्या जोडप्याला तिथे समोरासमोर बसवून बोलतं केलं जातं. त्यापुढची पायरी कौटुंबिक न्यायालयाची. १९८४च्या कायद्याने या न्यायालयांवर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारीच टाकली आहे, आणि समुपदेशक नेमायची तरतूदही त्यातच आहे. या व्यवस्थांनी मोडू पाहणारे संसार सावरले आहेत, त्यांचं मोल कमी लेखायचं कारण नाही. मात्र तिथलं यश मोजलं जातं ते जोडपं एकत्र घरी गेलं की नाही यावर. 'इतकी जोडपी राजीखुशी नांदायला गेली' अशा बातम्या हिंदी वर्तमानपत्रांत येतात, त्या याच हिशेबाने. घरी गेल्यावर आठव्या दिवशी तोच विषय निघाला तर दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं, हे शिकवायला ठाण्यात सवड नसते आणि ते ठाण्याचं कामही नव्हे. म्हणून माझं म्हणणं असं, की नात्यासाठी तज्ज्ञाकडे जायचं ते तक्रारीच्या कितीतरी आधी, आणि समेटाहून वेगळं काही मिळवायला.

हे वेगळं म्हणजे काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांच्या भांडणांचं निरीक्षण केलं. त्यांच्या मते जोडप्यांतले दोनतृतीयांशांहून अधिक वाद कधीच सुटत नाहीत, कारण ते स्वभावांतल्या आणि गरजांतल्या फरकांतून येतात. एकाला पैसा साठवायचा असतो, दुसऱ्याला खर्चायचा. एकाला राग आला की बोलून मोकळं व्हायचं असतं, दुसऱ्याला गप्प बसायचं असतं. अशा वादात कोण बरोबर, हा निवाडा करून काहीच हाती लागत नाही. समुपदेशक तो करतही नाही. भांडण कोणत्या वाक्याला पेटतं, कोण अंग काढून घेतो, त्यामागे कसली भीती असते, हे तो दोघांना दाखवतो. झाशी हे रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. इंजिनचालक किंवा गार्ड असलेला माणूस वेळी-अवेळी ड्यूटीवर जातो, थकून येतो, आणि घरी वाट पाहणारीला वाटतं, याला आपल्याशी बोलायचंच नाही. अशा घरात दोष कुणाचाच नसतो, तरी दुरावा खराच असतो.

अशा समुपदेशनाचा उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फुगवून सांगू नये. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी अमेरिकेत १३४ जोडप्यांवर केलेला अभ्यास या क्षेत्रात महत्त्वाचा मानला जातो. सगळी जोडपी दीर्घकाळ गंभीर तणावात होती आणि त्यांना जास्तीत जास्त २६ बैठका दिल्या गेल्या. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा जवळपास निम्म्यांच्या नात्यात ठळक सुधारणा टिकून होती, तर सुमारे चौथा हिस्सा वेगळा झाला होता. म्हणजे हमी नाही. पण ही जोडपी आधीच खोल पाण्यात होती, हे लक्षात घेतलं तर निम्म्यांना मिळालेला आधार लहान म्हणता येणार नाही. मुळात तेवढं खोल जाईपर्यंत थांबायचं तरी का?

यावर घरातली वडीलमाणसं विचारतील, आम्ही कशाला आहोत? झाशीच्या मराठी घरांत हा आक्षेप अधिकच जोरकस असणार. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून इथे मराठी वस्ती आहे. १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचं लग्न जिथे लागलं, त्या गणेश मंदिरात आजही मराठी मंडळी गणेशोत्सवाला जमतात. समाज छोटा, सगळे एकमेकांना ओळखणारे. अडचणीत धावून येणारी ही माणसं अनमोल आहेत. पण काका-मामांना बाजू असते, आठवण असते, आणि सांगितलेली गोष्ट पुढच्या लग्नकार्यात कुणाच्या तरी तोंडी येण्याची भीती असते. वडीलधाऱ्यांनी आधार द्यावा. मनातलं उघडं करायला मात्र गुप्तता पाळायला बांधलेला परका माणूसच बरा. शहरात ओळखीचं कुणी दिसेल असं वाटत असेल, तर आता व्हिडिओवरूनही बैठका होतात, आणि मराठीत बोलणारा समुपदेशक पुण्या-ठाण्यातूनही गाठता येतो.

निवड करताना पाटीवर जाऊ नका. आपल्याकडे 'समुपदेशक' ही पाटी अनेकदा तुटपुंज्या शिक्षणावरही लागलेली दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारावं. इतरांना त्यांचं शिक्षण आणि जोडप्यांसोबत काम करण्याचं खास प्रशिक्षण विचारावं. असं विचारण्यात उद्धटपणा नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांत दोघांनाही आपलं ऐकलं जातंय असं वाटलं पाहिजे. 'बाईने जरा सोसावं' किंवा 'पुरुष असेच असतात' असं जो सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. दारूचं व्यसन किंवा खोल नैराश्य असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल, तर दोघांनी एकत्र बसायचा आग्रह धरूच नये. जिला घरी परतल्यावर मार बसायची भीती आहे, ती त्या खोलीत खरं बोलू शकत नाही. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

एकजण यायलाच तयार नसेल तर? आपल्याकडे बहुधा तो नवरा असतो, आणि त्याला वाटतं, तिथे आपल्यावर खटलाच चालणार. तेव्हा 'तुझ्यात सुधारणा हवी' असं न म्हणता 'मला आपलं भांडण थांबवता येत नाही, मला मदत हवी आहे' असं म्हणून पाहावं. तरीही तो आला नाही, तर एकटीनेही जावं. दोघांतल्या एकाची उत्तर द्यायची रीत बदलली, तर भांडणाचा नेहमीचा क्रम तुटायला सुरुवात होऊ शकते.