गहाण पडलेले मैदान

कलकत्त्यातील गोऱ्या साहेबांनी 1870 नंतर काढलेला रग्बीचा क्लब फार काळ टिकला नाही. तेथे मिळणारे फुकट मद्य बंद झाले आणि त्याबरोबर सभासदांचा उत्साहही आटला, असे सांगतात. परंतु हा क्लब मिटला तेव्हा त्याच्या खात्यावर पैसे शिल्लक होते. ते चांदीचे रुपये बँकेतून काढून वितळवण्यात आले, त्यांचा एक चषक घडवण्यात आला आणि 1878 मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला अर्पण करण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे संघ आजही त्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात.

इंग्लंडमधील वॉस्प्स या क्लबाला असे सन्मानाचे मरण लाभले नाही. 1867 साली स्थापन झालेला, सहा वेळा इंग्लंडचे आणि 2004 व 2007 मध्ये युरोपचे अजिंक्यपद मिळवलेला हा क्लब 17 ऑक्टोबर 2022 रोजी प्रशासकांच्या हाती गेला. त्याच दिवशी खेळाडू, प्रशिक्षक आणि कर्मचारी मिळून 167 जणांची नोकरी गेली.

या शोकांतिकेचे मूळ शोधताना थोडे मागे जावे लागते. 1895 मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी मूळ संघटनेशी फारकत घेतली, ती खाणी आणि गिरण्यांतील कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही या प्रश्नावर. उरलेल्या ‘सभ्य गृहस्थां’नी पुढची शंभर वर्षे पैशाचा विटाळ मानला. अखेर 26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने धंदेवाईक खेळाला मुभा दिली. खेळाडूंना पगार मिळू लागले, हे न्याय्यच झाले. परंतु ते पगार ज्या उत्पन्नातून द्यायचे ते उत्पन्न मात्र एका ठरावाने निर्माण होत नाही. फुटबॉलला दूरचित्रवाणीने श्रीमंत केले तसे रग्बीला केले नाही. ती तूट कोणी ना कोणी धनवान मालक वर्षानुवर्षे भरून काढत आला.

वॉस्प्सची अडचण अधिक बिकट होती. युरोप जिंकणारा हा संघ हाय वायकम येथील एका फुटबॉल क्लबाच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळत होता. भाडेकरूला विजयाचा आनंद मिळतो; उपाहारगृहे, जाहिराती आणि समारंभ यांच्या उत्पन्नावर मात्र प्रथम हक्क घरमालकाचा. तेव्हा स्वतःचे मैदान हवे, हे निदान अचूक होते, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 2014 मध्ये वॉस्प्सने सुमारे ऐंशी मैलांवरच्या कॉव्हेंट्रीतील भव्य स्टेडियम चालवणारी कंपनी विकत घेतली. त्या वर्षी 21 डिसेंबरला तेथील पहिल्याच सामन्याला 28,254 प्रेक्षक लोटले. लंडन परिसरातले जुने निष्ठावंत दुरावले खरे, पण हिशेब जमला असे वाटू लागले.

चूक झाली ती पुढे. 2015 मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे साडेसहा टक्के व्याजाने विक्रीस काढण्यात आले. सर्वसामान्य गुंतवणूकदारांनीही ते घेतले. म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेतेवीस लाख पौंड केवळ व्याजाचे. 2021 मध्ये प्रत्येक क्लबाच्या वेतनखर्चाची मूळ मर्यादा 64 लाखांवरून 50 लाख पौंडांवर आणण्यात आली, हे लक्षात घेतले की या व्याजाचा भार कळतो: जवळजवळ अर्धा संघ या व्याजात पोसता आला असता. शिवाय मुद्दल परतफेडीचा दिवस ठरलेला होता. चेंडूची उसळी अनिश्चित असते, सावकाराची तारीख नसते.

सामन्यांचे उत्पन्न घटले तर परिषदा, प्रदर्शने आणि संगीताचे जलसे हात देतील, ही योजना कागदावर शहाणपणाची होती. परंतु या दोन्ही उत्पन्नांना गर्दीच लागते. मार्च 2020 मध्ये महासाथीने गर्दीच नाहीशी केली, तेव्हा आधाराचे दोन्ही खांब एकदम खचले. गंमत अशी की त्याच वर्षी संघ अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि एक्सिटरकडून 19–13 असा हरला. मैदानावरचा गुणफलक आणि बँकेचे खाते यांचा संबंध किती थोडा असतो! मे 2022 मध्ये रोखे फेडता आले नाहीत. नवा सावकार मिळाला नाही. करखात्याचे सुमारे वीस लाख पौंडांचे देणेही दाराशी उभे होते.

वॉस्प्स एकटाच बुडाला असता तर मालकाच्या माथी दोष मारून मोकळे होता आले असते. परंतु त्याआधी महिनाभर वूस्टर वॉरियर्स कोसळला होता आणि जून 2023 मध्ये लंडन आयरिशला स्पर्धेतून दूर करण्यात आले. तेरा क्लबांची स्पर्धा दहांवर आली. त्याहीपूर्वी सॅरसन्सने वेतनमर्यादा ओलांडली म्हणून 2019 मध्ये 53 लाख पौंडांहून अधिक दंड ओढवून घेतला होता आणि पुढे खालच्या श्रेणीत जाण्याची नामुष्की पत्करली होती. शेजारी खर्च करतो म्हणून आपणही करायचा, या चढाओढीत कोणालाच थांबता येत नाही. 2018 मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने स्पर्धेतील 27 टक्के वाटा घेतला. तो पैसा क्लबांना मिळाला. पण भावी उत्पन्नाचा चौथा हिस्साही त्याबरोबर गेला.

सभासदांच्या मालकीचा एक्सिटर याला बराच काळ अपवाद होता. स्वतःचे मैदान त्याने टप्प्याटप्प्याने वाढवले आणि वरच्या श्रेणीत 2010 मध्ये येऊन दहा वर्षांत युरोप जिंकला. महासाथीनंतर मात्र त्यालाही खेळाडू सोडावे लागले. 2025 मध्ये न्यूकॅसलचा क्लब रेड बुल या पेयकंपनीने घेतला आणि आपले नाव त्याला जोडले.

कॉव्हेंट्रीचे ते स्टेडियम नोव्हेंबर 2022 मध्येच माइक ॲशली यांच्या उद्योगसमूहाकडे गेले. 2025–26 च्या हंगामात वूस्टर दुसऱ्या श्रेणीत का होईना, परतला. वॉस्प्सचे नाव त्या यादीत नव्हते.